रंग उतरवताना

स्लाइड हातात आली की मी ती लगेच मायक्रोस्कोपखाली सरकवत नाही. कडेने धरते, खिडकीकडे करते आणि आधी नुसत्या डोळ्यांनी बघते. साडीच्या दुकानात बायका पसंत पडलेली साडी उचलून दाराशी, दिवसाच्या उजेडात नेतात, तसंच हे. दुकानातल्या ट्यूबलाइटवर त्यांचा विश्वास नसतो, माझा मायक्रोस्कोपच्या बल्बवर नसतो. नवे रेसिडेंट सुरुवातीला हसतात. एवढा महागाचा मायक्रोस्कोप समोर असताना या बाई खिडकीत काय शोधतात? मग हळूहळू त्यांच्याही हाताला ती सवय लागते.

लहान मेंदूचा छेद असेल आणि तो ल्युक्सॉल फास्ट ब्लूने रंगवलेला असेल, तर या बघण्यात नुसतं कामच नसतं. बोटाच्या पेराएवढ्या जागेत एक निळं झाड उभं असतं. खोड, खोडातून फुटलेल्या फांद्या, फांद्यांना डहाळ्या, आणि प्रत्येक डहाळीच्या कडेने जांभळट पेशींची झालर. निळं असतं ते मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचं चरबीचं वेष्टण. ताज्या मेंदूत हाच भाग पांढराशुभ्र दिसतो, म्हणून त्याचं नाव व्हाइट मॅटर. आमच्या लॅबमध्ये व्हाइट मॅटर निळं असतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

त्या दुपारी टेबलावर अशी झाडं ओळीने मांडली होती. काही लॅब आपसांत हा प्रकार करतात. एकाच ब्लॉकमधून कापलेले, न रंगवलेले सेक्शन सगळ्यांना वाटायचे, प्रत्येकाने आपापल्या रीतीने रंगवायचे आणि परत पाठवायचे. लॅबचं नाव चिकटपट्टीखाली झाकलेलं, वर फक्त क्रमांक. मग दोघा-तिघांनी एकत्र बसून गुण द्यायचे. इंग्लंडात ‘युके नेक्वास’ या नावाने याची मोठी व्यवस्था आहे आणि तिच्यात मेंदूच्या पॅथॉलॉजीतल्या स्टेनिंगसाठी वेगळा गट आहे. आपल्याकडे एनएबीएलची मान्यता हवी असलेल्या लॅबला आपलं काम बाहेरच्या कुणाकडून तरी तपासून घ्यावंच लागतं. तयार योजना नसेल तिथे ही अदलाबदल चालते. कागदावर त्याचं नाव भारदस्त आहे, बाह्य गुणवत्ता मूल्यमापन. प्रत्यक्षात एक मल्टिहेड मायक्रोस्कोप, गार झालेला चहा आणि तीन माणसांची कुजबुज.

सगळ्या स्लाइड एकाच माणसाच्या मेंदूच्या. एकाच ब्लॉकच्या, लागोपाठच्या कापांच्या. तरी एक झाड शाईसारखं गडद, एक मोरपंखी, एक हिरवट, आणि एक इतकं फिकट की काचेवर आहे की नाही असं वाटावं. माणूस एक, निळे चार. यातला खरा कुठला, हा प्रश्न आमच्या फॉर्मवर नसतो. फॉर्मवर विचारलेलं असतं ते बिनचूक आणि कोरडं. सेक्शनला घडी पडली आहे का? पात्याचा ओरखडा आहे का? कव्हरस्लिपखाली हवेचा बुडबुडा? पेशींची केंद्रकं स्वच्छ दिसतात का? पार्श्वभूमीवर राड नाही ना? या प्रश्नांची उत्तरं पटापट देता येतात आणि त्यावर कुणाचं भांडण होत नाही. भांडण होतं ते शेवटच्या रकान्यावर. रंग कसा आहे?

ल्युक्सॉल फास्ट ब्लूची कृती शिकागोच्या हाइनरिख क्लूवर आणि एलिझाबेथ बॅरेरा यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली. रंग मूळचा कारखान्यातला. छपाईच्या शाईत आणि भिंतींच्या रंगात जो टिकाऊ निळा असतो, त्याच तांब्याच्या कुळातला. कृती वाचली तर सोपी वाटते. सेक्शन रंगात बुडवून सुमारे साठ अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवायचा. सकाळी काढाल तेव्हा सगळंच निळं झालेलं असतं, हवं तेही आणि नको तेही. खरं काम इथून पुढे. लिथियम कार्बोनेटच्या अगदी पातळ द्रावणात स्लाइड क्षणभर बुडवायची, मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये हलवायची. ग्रे मॅटरमधला रंग सुटायला लागतो. बाहेर काढून बघायचं, पुन्हा बुडवायचं, पुन्हा बघायचं. ग्रे मॅटर रंगहीन झालं आणि व्हाइट मॅटर अजून निळं आहे, त्या घडीला थांबायचं. आधी थांबलात तर सगळा मेंदू निळा दिसतो. उशिरा थांबलात तर मायलिनचाही रंग जातो, आणि गेलेला रंग त्या सकाळी तरी परत येत नाही.

रंग चढवायला फक्त ओव्हन आणि घड्याळ लागतं. उतरवायला माणूस लागतो. आमच्याकडे एक जुने टेक्निशियन होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. ते स्लाइड अल्कोहोलमध्ये हलवत असताना कुणी त्यांच्याशी बोललेलं त्यांना चालायचं नाही. एरवी भारी गप्पिष्ट माणूस. परळच्या गिरण्यांपासून क्रिकेटपर्यंत सगळं बोलायचे. पण हातात ल्युक्सॉलची स्लाइड असली की खोलीत फक्त काचेचा बारीक टिकटिक आवाज. कृतीच्या कागदावर त्यांनी कुठेही सेकंद लिहिलेले नव्हते. एका रेसिडेंटने विचारलं, “काका, किती वेळ ठेवायचं ते लिहून द्या ना.” ते म्हणाले, “सेक्शन किती जाड, रंग किती जुना, आज हवा कशी, ते तुम्ही मला आधी लिहून द्या. मग मी वेळ लिहून देतो.”

हवेची गोष्ट त्यांनी उगाच काढली नव्हती. मुंबईतल्या हिस्टोपॅथॉलॉजीच्या कुठल्याही लॅबमध्ये जुलै महिन्यात जाऊन बघा. अॅब्सोल्यूट अल्कोहोल हवेतली ओल ओढून घेतं आणि नावापुरतंच अॅब्सोल्यूट उरतं. स्लाइडमधलं पाणी पुरतं जात नाही, पुढे झायलीनमध्ये गेल्यावर दुधाळ धुकं दिसतं, आणि इओसिनचा गुलाबी रंग त्या पाणचट अल्कोहोलमध्ये भरभर धुऊन जातो. शिवाय हिमॅटॉक्सिलिन. ते मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येतं. मूळ पदार्थाला रंग जवळजवळ नसतोच, हवेने तो पिकावा लागतो. पूर्वी लोक बाटल्या उन्हात आठवडेच्या आठवडे ठेवायचे. रंगवल्यावर केंद्रकं आधी तांबूस दिसतात आणि किंचित अल्कलीयुक्त पाण्यात धुतल्यावर निळी होतात. म्हणजे निळाई काही अंशी नळाच्या पाण्यावर अवलंबून. लंडनची आणि लातूरची स्लाइड एका रंगात याव्यात अशी अपेक्षा करताना आपण दोन्हीकडचं पाणी, हवा आणि ऊन एकच आहे असं गृहीत धरत असतो.

रंगाच्याही आधी बरंच काही घडून गेलेलं असतं आणि त्याचे गुण-दोष रंगाच्या नावावर जमा होतात. ताजा मेंदू इतका मऊ असतो की टेबलावर ठेवला तर स्वतःच्याच वजनाने पसरतो. म्हणून त्याच्या तळाशी असलेल्या धमनीखालून दोरा ओवून तो फॉर्मॅलिनच्या बादलीत उलटा टांगतात आणि आठवडा-दोन आठवडे तसाच ठेवतात. फॉर्मॅलिनने ऊती टिकतात हे फर्डिनांड ब्लूमने १८९३ साली दाखवलं, आणि आजही त्याला धड पर्याय सापडलेला नाही. बादलीतले हे दिवस कमी पडले तर मधला भाग कच्चा राहतो, मग रंगवणारा कितीही हुशार असो. ऑपरेशनमध्ये चिमट्याने ऊती दाबली गेली असेल तर काही पेशी आक्रसून गडद होतात आणि आजारी असल्यासारख्या दिसतात. नवशिका त्यावर परिच्छेद लिहितो. जुना माणूस म्हणतो, सर्जनचा चिमटा आहे, पुढे चल.

पण सगळेच दोष असे टाकून देता येत नाहीत, आणि मला गंमत वाटते ती इथे. ऑलिगोडेंड्रोग्लिओमा नावाचा मेंदूचा एक ट्यूमर आहे. त्याची पेशी पाठ्यपुस्तकात तळलेल्या अंड्यासारखी सांगतात. मधोमध गोल केंद्रक, भोवती स्वच्छ पांढरं कडं. पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांनी ते कडं बघून निदान केलं, परीक्षेत लिहिलं, पास झाले. आता ते कडं पेशीत मुळात नसतंच. फॉर्मॅलिन पोचायला जो उशीर होतो त्या काळात पेशी फुगते, त्यातून ते तयार होतं. ऊती झटपट गोठवून ऑपरेशन चालू असतानाच कापलेल्या सेक्शनमध्ये ते दिसत नाही. म्हणजे काम थोडं सावकाश झालं तर निदान सोपं आणि चपळाईने झालं तर अवघड. गुणवत्तेच्या फॉर्मवर याचं काय करायचं? २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या ट्यूमरचं पक्कं नाव द्यायला जनुकांची तपासणी लागते, त्यामुळे अंड्याचं महत्त्व उतरलं आहे. पण ती तपासणी कुणाची करायची हे सुचतं ते अजूनही बऱ्याचदा त्या कड्यामुळे. एका चुकीवर आपण सगळ्यांनी मिळून विश्वास ठेवला आणि ती चूक कामाला आली.

गोल्जीचंही तसंच. इटलीतल्या अब्बियातेग्रासो या गावी असाध्य रोग्यांसाठी एक इस्पितळ होतं. तिथे कामिल्लो गोल्जी हा तरुण डॉक्टर नोकरीला होता आणि स्वयंपाकघरातच त्याने आपली प्रयोगशाळा थाटली होती. पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवलेला मेंदूचा तुकडा त्याने सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकला. १८७३ साली त्याने जे छापलं ते बघून लोक चकित झाले. पिवळसर पार्श्वभूमीवर काळीभोर मज्जापेशी, तिच्या टोकाटोकापर्यंतच्या सगळ्या फांद्यांसह. त्याआधी मेंदू म्हणजे दाट गुंताळा होता. काहीही रंगवलं तरी सगळंच रंगायचं आणि सगळंच रंगलं की काहीच दिसायचं नाही. गोल्जीच्या रंगाची खुबी अशी की तो शेकड्यातल्या मोजक्याच पेशींना लागतो आणि बाकीच्यांना सोडून देतो. कुठल्या पेशीला लागेल ते आधी सांगता येत नाही. नेमक्या त्याच पेशींना का, हे कोडं दीडशे वर्षांनंतरही पुरतं सुटलेलं नाही.

आता ही स्लाइड आमच्या टेबलावर, चिकटपट्टीखाली नाव झाकून आली तर? एकसारखेपणा: नाही. पुन्हा केल्यास हेच दिसेल का: नाही. बहुसंख्य पेशी: रंगलेल्या नाहीत. पार्श्वभूमीवर साका: आहे. शेरा: कृती तपासून पुन्हा पाठवा. मज्जासंस्थेच्या अभ्यासाचा पाया ज्या रंगावर उभा राहिला तो आमच्या परीक्षेत नापास झाला असता, आणि परीक्षकांचंही काही चुकलं नसतं. रोजच्या रिपोर्टसाठी लहरी रंग नकोच असतो. पण काय न रंगलं याला किंमत असते, हे गोल्जीपासून काकांच्या लिथियम कार्बोनेटपर्यंत एकच सूत्र आहे, असं मला वाटत आलं आहे.

याच गोष्टीला आणखी एक पदर आहे. १८८७ साली माद्रिदमध्ये लुइस सिमारो या डॉक्टरने सांतियागो रामोन इ काहालला गोल्जीच्या पद्धतीची स्लाइड दाखवली. काहाल वेडावला. त्याने ऊती एकदाऐवजी दोनदा मुरवायला सुरुवात केली आणि प्रौढ मेंदू सोडून पिल्लांचे, गर्भातले मेंदू घेतले, कारण त्यांच्यावर मायलिनचं वेष्टण अजून चढलेलं नसतं आणि चांदी आतवर जाते. रंग सुधारला. त्यातून त्याला दिसलं की प्रत्येक पेशी सुटी आहे. शेजारणीला टेकते, पण तिच्यात मिसळत नाही. गोल्जीला मात्र त्याच रंगात सलग जाळं दिसत होतं. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, आणि स्टॉकहोमच्या भाषणात गोल्जीने ज्याच्याबरोबर बक्षीस घेतलं त्याच्याच सिद्धान्तावर टीका केली. रंग एक, बक्षीस एक, आणि दिसलेलं उलटं. स्लाइड चांगली असली म्हणजे बघणाऱ्यांचं एकमत होतं, असं मला म्हणूनच छातीठोकपणे म्हणवत नाही.

१९०६ हे वर्षच चांदीचं. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्यूबिंगेनच्या एका सभेत आलोईस अल्झायमरने आउगुस्टे डेटर या बाईंची हकिगत सांगितली. बाई एप्रिलमध्ये फ्रँकफर्टला वारल्या होत्या आणि त्यांचा मेंदू म्युनिकला त्याच्याकडे आला होता. त्याने वापरला तो माक्स बिल्शोव्स्कीचा चांदीचा रंग, तेव्हा अगदी ताजा, चार-पाच वर्षांपूर्वीचा. त्यात पेशींच्या आतल्या पिळदार गाठी आणि पेशींबाहेरचे डाग काळे उमटले. बर्लिनमध्ये आयुष्यभर काम केलेल्या बिल्शोव्स्कीला १९३३ साली ज्यू म्हणून नोकरीवरून काढलं आणि तो परदेशात वारला. त्याचा रंग मात्र जगभरच्या लॅबमध्ये अजून शिजतो. आउगुस्टेबाईंच्या स्लाइड १९९० च्या दशकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये सापडल्या. मी त्यांचे छापलेले फोटो बघितले आहेत. रंग उतरलेला नाही. उद्या त्या कुणी क्रमांक लावून आमच्याकडे पाठवल्या तर मी मुकाट्याने पूर्ण गुण देईन.

चांदीसारखा तापट रंग दुसरा नाही. भांडी आम्लाने धुतलेली हवीत, चिमटा धातूचा नको, पाणी डिस्टिल्ड. सिल्व्हर नायट्रेटमध्ये अमोनिया थेंबाथेंबाने घालायचा. आधी गढूळ होतं, मग निवळतं, आणि निवळलं त्या थेंबाला थांबायचं. एक थेंब जास्त पडला की पुढे सगळं फिकं. उरलेल्या द्रावणाची त्याच दिवशी विल्हेवाट लावायची, कारण ते तसंच ठेवलं तर कधीकधी स्फोट होतो. काकांची चांदीची भांडी वेगळ्या कपाटात असायची आणि किल्ली त्यांच्या खिशात.

या थेंबाला मी हलकं घेत नाही, याला कारण आहे. अल्झायमरच्या निदानात डागांची दाटी बघायची असते. थोडी, मध्यम की पुष्कळ. अमेरिकेतल्या सेराड या गटाने १९९४ साली वेगवेगळ्या केंद्रांचं याबाबत कितपत जुळतं ते तपासून छापलं. कुठला मेंदू अधिक बिघडलेला, या क्रमावर बरंचसं जुळलं. मोजणीचे आकडे मात्र लॅबगणिक बदलले, आणि त्याला बघणाऱ्यांच्या डोळ्यांइतकेच रंगही जबाबदार होते. म्हणजे एखाद्याच्या डोक्यात किती डाग होते याचं उत्तर काही प्रमाणात अमोनियाच्या बाटलीत असतं. मुलगा किंवा मुलगी रिपोर्ट हातात घेऊन विचारते, “आईला नक्की तेच होतं ना?” त्यांच्यापर्यंत हा थेंब कधी पोचत नाही.

हल्ली चांदीची सद्दी संपत आली आहे. त्या जागी अँटिबॉडी आल्या. गाठीतल्या प्रथिनासाठी एक, डागातल्या अॅमिलॉइडसाठी दुसरी, आणि ती लावण्याआधी सेक्शन थोडा वेळ फॉर्मिक अॅसिडमध्ये ठेवायचा. मशीन रात्रभर रंगवतं, सकाळी ट्रे बाहेर. सगळं सुबक तपकिरी. बिल्शोव्स्कीपेक्षा यात लॅबा-लॅबांमधला फरक कमी पडतो हे मान्यच करायला हवं, आणि रोग्याच्या दृष्टीने ते चांगलंच आहे. तरीही मूल्यमापनाच्या टेबलावर तपकिरीच्याही छटा निघतात. आता तर स्लाइड स्कॅन होऊन पडद्यावर येतात, आणि दोन कंपन्यांचे स्कॅनर एकच स्लाइड दोन रंगांत दाखवतात. माझ्या तरुण सहकाऱ्याने सुचवलं, रंगाची तीव्रता संगणकाला मोजू द्या, वाद मिटेल. मी म्हटलं, मोजू दे की. मग कितीला पाच आणि कितीला तीन ते कोण ठरवणार? तो हसला आणि खुर्ची ओढून बसला.

काँगो रेडचं तेवढं सांगून टाकते, कारण त्या दिवशीच्या गठ्ठ्यात तोही होता. १८८४ सालचा हा सुती कापड रंगवायचा रंग. आफ्रिकेची वाटणी करायला युरोपातले देश तेव्हा बर्लिनमध्ये जमत होते, काँगो हा शब्द वर्तमानपत्रांत गाजत होता, तेवढ्यावर कंपनीने हे नाव ठेवलं. कापडावर तो काही फार टिकला नाही, पॅथॉलॉजीत टिकला. अॅमिलॉइड त्यात विटकरी गुलाबी दिसतं, आणि ध्रुवित प्रकाशात बघितलं की त्याच जागी हिरवी झाक येते. मात्र सेक्शन आठ ते दहा मायक्रॉनचा हवा. नेहमीच्या सवयीने तीन-चारचा कापला तर हिरवं फुटतच नाही. पातळ कापणं हे टेक्निशियनच्या कौशल्याचं लक्षण, त्याच्या अभिमानाचा विषय. इथे तोच अभिमान नडतो. गठ्ठ्यातल्या एका स्लाइडचं नेमकं असंच झालं होतं. अप्रतिम कापलेली, एक ओरखडा नाही, एक घडी नाही, आणि हिरवं कुठेच नाही. आम्ही तिघेही थोडा वेळ गप्प होतो. एवढ्या सुंदर स्लाइडला कमी गुण देताना हात अडखळतो.

प्रत्येक रंगाबरोबर एक कंट्रोल स्लाइड लावतात. जिच्यात हवी ती गोष्ट आहे हे आधीच पक्कं माहीत आहे अशा ब्लॉकमधून कापलेली. कंट्रोल रंगली आणि रोग्याची नाही, तर रोग्यात ते नाही. कंट्रोलच रंगली नाही, तर सगळा खेळ पुन्हा मांडायचा. चांगला कंट्रोल ब्लॉक म्हणजे लॅबची ठेव. आमच्याकडे अल्झायमरसाठी एक होता, हिप्पोकॅम्पसचा. कुणाचा, ते मला माहीत नाही. वर फक्त क्रमांक आणि वर्ष. त्या माणसाला आयुष्याच्या शेवटी स्वतःचं नावही आठवलं नसेल. त्याच्या मेंदूची मेणातली वडी मात्र वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या मेंदूंसाठी खरं-खोटं ठरवत राहिली. काका ती जपून कापायचे. मायक्रोटोमवर ब्लॉक लावून पातळी जुळवताना काही काप वाया जातात. ते वाचवायला एकदा ब्लॉक लावला की वर्षाचे काप एकदमच घेऊन ठेवायचे. तरी वडी पातळ होत जायची. बेंगळुरूच्या निमहान्समध्ये १९९५ पासून मेंदूंची पेढी आहे, तिथे अशा ऊतीची नीट निगराणी होते. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. दाराब दस्तूर यांनी मेंदूविकृतीचं काम उभं केलं, कुष्ठरोगात नसांचं काय होतं ते स्लाइडमागून स्लाइड बघून दाखवलं. त्यांच्या पिढीने असे ब्लॉक जमवले आणि पुढच्यांना दिले. कुणाचे ते, हे बहुधा त्यांनाही लक्षात ठेवता आलं नसेल.

त्या दुपारी शेवटचा वाद झाला तो फिकट झाडावरून. माझ्या एका सहकाऱ्याचं मत तीन, दुसऱ्याचं दोन. रंग जास्त उतरवला आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं. किती माफ करायचं यावर नव्हतं. मला जाणवत होतं की इथे आम्ही चैनीत आहोत. शेजारी त्याच मेंदूच्या इतर लॅबच्या स्लाइड होत्या, गडद निळ्या. त्यामुळे फिकटपणा रंगाचा, मेंदूचा नव्हे, हे उघड होतं. रोजच्या कामात शेजारी कुणी नसतं. एक स्लाइड येते, निळा कमी दिसतो, आणि ठरवायचं असतं: मायलिन गेलं आहे की टेक्निशियनचं घड्याळ चुकलं?

फार पूर्वी, मी नवी असताना, एका शवविच्छेदनातली पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूची स्लाइड आली होती. बाई चालताना तोल जातो म्हणून महिनोन्महिने हिंडल्या होत्या आणि शेवटी न्यूमोनियाने गेल्या. केसपेपरवर बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी कुणी लिहिलेली नव्हती. स्लाइड खिडकीशी धरली तर रज्जूचा मागचा पट्टा फिकट, कडेचे दोन्ही पट्टेही फिकट. मायक्रोस्कोपखाली तेच. मी अर्धा तास त्याच्यावर होते. रिपोर्टमध्ये मायलिन नाही असं लिहिणं म्हणजे त्या महिनोन्महिन्यांचा हिशेब मांडणं, आणि तो मांडायचा एका निळ्या रंगाच्या भरवशावर. शेवटी स्लाइड घेऊन काकांकडे गेले. त्यांच्यावर संशय घेतेय असं वाटू नये म्हणून बरंच आडवळणाने विचारलं.

त्यांनी हात पुसले, स्लाइड डोळ्यासमोर धरली आणि रज्जूच्या बाहेर, कडेला बोट दाखवलं. “मॅडम, इथे बघा. नसांची मुळं.”

रज्जूच्या दोन्ही बाजूंना, त्याच काचेवर, त्याच रात्री, त्याच ओव्हनमध्ये रंगलेली आणि त्याच अल्कोहोलमध्ये धुतलेली मुळं गर्द निळी होती.

मी मान डोलावली. तरी म्हटलं, “काका, एकदा पुन्हा लावाल का? कंट्रोलसकट.”

“लावलीय,” ते म्हणाले. “तुम्ही मागणार ते माहीत होतं. उद्या सकाळी निघेल.”